दादाच्या विमानाचं ट्रिमिंग

३ मार्च
दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता त्याला गरागरा फिरणं बंद. कंट्रोल लाइनचं छोटं मॉडेल विमान म्हणजे आपण मध्ये उभं राहायचं आणि हातातल्या दोन तारांच्या टोकाला ते आपल्याभोवती उडवायचं. क्लबच्या स्पर्धेत त्याचं विमान मी उडवणार. दादा म्हणाला, प्रोपेलरला चीर गेलीय, तेवढा बदल. बाकी कशाला हात लावू नकोस. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. अजून त्याचा माझ्यावर विश्वास नाही.

५ मार्च
नवा प्रोपेलर बसवला. दहा बाय सहा, म्हणजे दहा इंच लांब, पात्यांना सहाचा पीळ. त्यावरचे आकडे मागे, इंजिनाकडे केले. पुढून कसं स्वच्छ दिसतं.

६ मार्च, सकाळी ७
विमान रेंगाळतं. डोक्यावर आलं की तारा सैल. प्रोपेलरचा माल खराब. दुकानदार म्हणे, तक्रार करणारे तुम्ही पहिलेच. कुणीतरी पहिलं असावंच लागतं.

९ मार्च
अकरा बाय चार आणला. तसाच बसवला. पुन्हा तेच. म्हणजे दोष दादाच्या ट्रिमिंगचा, वजनाचा तोल साधण्याचा. नाकात शिसं कोंबलंय. काढून टाकलं.

१० मार्च
आता बिथरल्यासारखं वरखाली करतं. लूप घेताना जमीन चाटली, चाक वाकलं. क्लबात स्पष्ट सांगितलं, दादाचा हात पूर्वीचा राहिला नाही, विमान बोजड बांधलंय. सेक्रेटरींनी मान डोलावली. वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

१४ मार्च. स्पर्धा.
काठी टेकत दादा आला, वहिनीही. त्याने विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, नट सैल वाटतोय, पाना दे. लोकांकडे पाठ करून प्रोपेलर काढला, उलटा फिरवून बसवला. हळूच म्हणाला, "आकडे पुढे हवेत रे. शिसं कुठाय?"
खिशातून काढून दिलं. कान तापले होते.
विमान काय उडालं! तारा ताठ, लूप गोल. दुसरा नंबर.
सेक्रेटरी माझा हात धरून म्हणाले, दादांचं बोजड विमान तुम्ही सुधारलंत! दादा दोन हातांच्या अंतरावर उभा. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.
मी म्हणालो, "दहा दिवस घाम गाळला."
दादाने टाळ्या वाजवल्या. वहिनीने नाही.

१५ मार्च
ठरवलं, फोन करून सगळं कबूल करायचं. वहिनीने उचलला. गुडघा कसा आहे, एवढंच विचारलं.
ती म्हणाली, "बरा आहे. भावोजी, हे म्हणत होते, विमान तुमच्याकडेच राहू द्या. ट्रिमिंग तुमचंच आहे ना."
मी थँक्यू म्हणालो.