चंपी कुठं शिकलात?

अप्पा, तुम्ही एखाद्याच्या डोक्यावर हात ठेवलात की त्याच्या आत नेमकं काय थांबायचं? मी फिजिओथेरपी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, तरी याचं पुरतं उत्तर मला देता येत नाही. कपाळाचे, मानेचे स्नायू सैल पडतात, श्वास लांबतो, नाडी जरा मंदावते, मज्जासंस्थेचा सतत सावध ठेवणारा भाग मागे सरतो आणि विसावा देणारा पुढे येतो, एवढं मी सांगू शकते. पण हे बोटांच्या दाबानं होतं, की आपलं डोकं कुणीतरी हातात घेतलंय या भरवशानं? मला माहीत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तू पुस्तक वाच, डोकं मी बगतो."

दुपारी मी तुमचा डबा घेऊन सलूनपाशी यायची. आत यायची मला बंदी होती, म्हणून दारातच उभी राहायची. पाळी संपवून यंत्रमागावरची माणसं येतात, खुर्चीत बसतात. त्यातला एक म्हणतो, "माग बंद झाला तरी डोस्क्यात खडखड चालूच ऱ्हातीय बगा." तुम्ही तळहातावर तेल घेता आणि म्हणता, "थांब की, बटन हितं मागं हाय." तुमचे अंगठे त्याच्या कानामागून मानेच्या खळगीकडे सरकतात. थोड्या वेळानं तो माणूस बायकोलाही न सांगितलेलं काहीतरी तुम्हाला सांगू लागतो आणि तुम्ही मला डोळ्यांनीच जा म्हणता. तोवर मी सगळं पाहिलेलं असायचं.

मी नववीत असताना एकदा आईचं डोकं दुखत होतं. मी तुमच्यासारखंच धरलं. ती बसल्या जागी झोपली. तुम्ही घरात आलात, पाहिलंत, आणि माझे हात धरून मला मोरीत नेलंत. "साबनानं धू. माज्या पोरीनं कुनाच्या डोक्याला हात लावायचा न्हाय. माजं मी करतोय, तितंच संपू दे." मी हात धुतले. अप्पा, तुम्ही मला वाचवत होतात हे आज कळतं. गावाकडच्या लग्नांत तुम्हाला पंगतीच्या आधी दाढ्या करायला बसवायचे आणि जेवायला शेवटी वाढायचे, तेही मला आठवतं. पण त्यात दोष तुमच्या हातांचा नव्हता. तुम्ही शिक्षा मात्र हातांना दिलीत, आणि माझ्याही. हे मला मान्य नाही. तेव्हा नव्हतं, आता तर मुळीच नाही.

आणि एक. शेवटी तुम्ही गिऱ्हाइकाची मान कडकन मोडायचात, ते चूक होतं. मानेतल्या रक्तवाहिनीला त्यानं इजा होऊ शकते. हे तुम्हाला सांगण्याइतकी मी शिकले, तेव्हा तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली होती.

आता मी जुळे सोलापूरमधल्या एका दवाखान्यात काम करते. गेल्या महिन्यात शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. ताणानं डोकं दुखायचं, तपासण्यांत काही निघालं नव्हतं. मशीन लावून झालं, फरक नाही. मी त्यांची नाडी मोजली आणि तुमच्यासारखे अंगठे कानामागे ठेवले. काही वेळानं पुन्हा मोजली, उतरली होती. बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "किती वर्षांनी कुणी डोक्यावर हात ठेवला ओ."

पडद्याशी दवाखान्याचे आमचे सर उभे होते. "छान. हे कुठं शिकलात?"

मी म्हणाले, "पुण्यात, एका वर्कशॉपमध्ये."

अप्पा, एवढ्या सहज आलं तोंडात. सर खूश झाले. येत्या शनिवारी सगळ्यांना शिकवा म्हणाले, आणि पहिल्या स्लाइडवर कोर्सचं नाव टाका. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला, "म्हणजे सलूनमधली चंपीच की मॅडम. दाढीचं पण बघा जरा." सगळ्यांबरोबर मीही हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते वहीतच राहील. शनिवार होऊन गेला. त्याच सहकाऱ्याला मी खुर्चीत बसवलं आणि त्याच्या डोक्यावर सगळ्यांना दाखवलं. मान कुणीही मोडायची नाही, हेही बजावलं. तो उठला आणि एवढंच म्हणाला, "पुन्हा कधी?"

कबूल करते, त्या सकाळी दवाखान्याच्या जिन्यापर्यंत पहिल्या स्लाइडवर पुण्याचं वर्कशॉपच होतं. जिन्यातच लॅपटॉप उघडून बसले, ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'मला शिकवणारे : माझे वडील. त्यांचं सलून होतं.' मग वर गेले आणि सर्वांसमोर तेच मोठ्यानं वाचलं.