येशूबाळ करपलं त्याची हकिगत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा सलाम. तुझ्या पायाचं प्लॅस्टर कधी निघणार, भूक कशी आहे, खाज सुटली की विणायची सुई आत घालतेस का (घालू नकोस, घालतेस हे भाचीने मला सांगितलंय), आणि दाजींना अजून किती छळायचं बाकी आहे, ते सगळं सविस्तर कळव. इकडे मी ठीक. दवाखाना ठीक. तुझी चर्चमधली रविवारची शाळा मात्र ठीक नाही, आणि त्याबद्दलच हे पत्र.

तू फोनवर म्हणालीस, "मला आता उभं राहून लाटणं जमायचं नाही. यंदाची नाताळची बिस्किटं मुलांकडून तू करून घे आणि मग मला खरं सांग, माझ्याशिवाय हा वर्ग चालेल का? चालत नसेल तर पाळकांना सांगून बंदच करते." अगं, पण त्यासाठी मीच सापडलो? मी दातांचा डॉक्टर. मुलं मला बघून रस्ता ओलांडतात. देवळात माझं येणं लग्नाला, नाहीतर मयताला. गोष्ट सांगत सांगत पीठ लाटायचं, प्रत्येक मुलाने गोष्टीतलं एकेक पात्र कापायचं, ते भाजून गोठा मांडायचा आणि शेवटी येशूबाळाचं बिस्कीट मोडून सगळ्यांनी कण कण खायचं, कारण तो सगळ्यांचा, हे तुझं शास्त्र तुलाच शोभतं. माझ्या तोंडून देवाचं नाव निघतं ते ड्रिल बंद पडल्यावर.

तरी गेलो. चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात मुलं रांगेत उभी होती. त्यांची नावं मला येत नाहीत, दात ओळखू येतात. पुढचे दोन पडलेला, वाकड्या सुळ्याचा, तारवाली, आणि ती चावरी, जिने मागे माझं बोट असं धरलं होतं की मला नर्सला हाक मारावी लागली. आता मला सांग, तू काढून ठेवायला लावलेली ती सगळी साखर मी माझ्या हाताने या दातांवर ओतू? निम्म्याहून जास्त बाजूला केली आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश झालो. (तू कपाळावर हात मारला असशील. मार.) साखर कमी पडली की बिस्किटाला रंग चढत नाही, हे मला कोण सांगणार? ओव्हनच्या काचेतून बघतो तर उंट पांढरेफटक आणि मरिया आजारी. म्हणून अजून थोडा वेळ ठेवलं. मग अजून थोडा. तोवर गोष्ट सांगायची, तर ती मला धड आठवेना. मेंढपाळ आधी आले की उंटांवरचे ज्ञानी लोक, इथेच गाडी अडली आणि मी मुलांना दात घासायची योग्य पद्धत शिकवत बसलो.

ट्रे बाहेर आला तेव्हा मोठी पात्रं जेमतेम बदामी झाली होती. येशूबाळ सगळ्यांत लहान, करंगळीएवढं, त्याचा पार कोळसा. पीठ संपलेलं. तुझा वर्ग माझ्याच हातून बुडाला, आता तुला काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात. मी म्हटलं, "टाकून द्या ते. गोठा बाळाशिवायच मांडू."

चावरीने माझ्याकडे असं बघितलं की मी चिमटाच खाली ठेवला. "बाळाला कोणी टाकतं का?" ती म्हणाली, आणि तिने ते काळं बाळ फडक्यावर उचलून घेतलं. गव्हाणी करायची राहिली हे वाकड्या सुळ्याच्या लक्षात आलं. माझ्या खिशात दातांचं माप घ्यायचा स्टीलचा साचा होता (कोरा, उगाच किंचाळू नकोस), तो दिला. पुढचे दोन पडलेल्याने विचारलं, "यात कशाला झोपवायचं?" मी काहीतरी जुळवणार, तोच तारवाली म्हणाली, "कोणी जागाच दिली नाही ना त्याला. मिळेल तिथे झोपला तो." मग एकच झुंबड. ज्ञानी लोकांना मागे सरकवलं, मेंढपाळांना पुढे आणलं, आणि तंगडी मोडलेला उंट बाळाच्या अगदी शेजारी टेकवून ठेवला, कारण त्याला लांबून चालवणार नाही म्हणे. ताई, तू वर्षानुवर्षं सांगितलेलं सगळं त्यांच्यात जिवंत होतं गं, आणि मी मेला काळजी करत होतो की गोष्ट कोण सांगणार.

मग खायची वेळ. कडूजहर बिस्कीट. नका खाऊ, म्हटलं, पण ऐकतंय कोण? चावरीने बाळ मोडलं आणि एकेकाच्या तळहातावर कण ठेवला. तोंडं वाकडी झाली, पण एकानेही थुंकलं नाही. (माझ्या दवाखान्यात हीच मंडळी भिंतीपर्यंत थुंकतात.) मी आपला कोपऱ्यात ट्रे घासत होतो, मी काही त्यांच्यातला नव्हे. चावरी माझ्यापाशी आली, टाचा उंचावल्या आणि म्हणाली, "डॉक्टर, आ करा."

"मला नको गं."

"तो सगळ्यांचा आहे. आ करा."

केला. जन्मभर लोकांना आ करायला लावला, तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते मला त्या घडीला कळलं. भीती वाटते. जिभेवर एवढासा कोळशाचा कण आणि हातातला ट्रे घासायचा राहिला. मला काय झालं ते मला सांगता येत नाही. तुला ठाऊक असेल.

असो. तू विचारलंस म्हणून स्पष्ट मत देतो. बिस्किटं भिकार झाली, शिस्त शून्य, शिक्षक नालायक. वर्ग ठेवायचा की मोडायचा ते तुझं तू ठरव, मी मध्ये पडत नाही. भाचीला आशीर्वाद, दाजींना धीर.

तुझा,
धाकटा

ता. क. वर्ग बंद केलास तर याद राख. हॉलची किल्ली मी पाळकांकडून आधीच घेऊन ठेवली आहे.

आणखी एक. निघताना मुलं हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली, मी प्रार्थना म्हणेन म्हणून. मला येईना. मी नुसतं "आमेन" म्हटलं, तेही खोकल्यात. तू त्यांच्याबरोबर म्हणतेस ती प्रार्थना लिहून पाठव. पत्र लिहायला बसलो तो खरं म्हणजे यासाठीच.

आणि हे फक्त तुला. त्या दिवशी मी दात न घासता झोपलो. आयुष्यात पहिल्यांदा. ती चव जाऊ द्यावीशी वाटेना.