शेवटची ‘इलो’ म्हणेपर्यंत

५ जानेवारी १९५८
आलो बुवा एकदाचा! कोल्हापुराहून मालवणच्या किनाऱ्यापर्यंत हाडं खिळखिळी झाली. पण चर्चच्या शाळेत मास्तरकी मिळाली, वर घंटेच्या मनोऱ्याला लागून खोली. फादर इनास मोठे गप्पिष्ट. धुक्यात वाट चुकलेले खलाशी कसेबसे किनाऱ्याला लागले, त्यांनी हे चर्च बांधलं म्हणे. तेव्हापासून सकाळी धुकं असलं की होड्या परतेपर्यंत घंटा वाजते. होड्या बहुतेक गाबित कोळ्यांच्या, हिंदूंच्या. घंटा मात्र सगळ्यांची. होडी लागली की घरच्या बाईने येऊन दोराला हात लावायचा आणि ‘माझो घोव इलो’, म्हणजे नवरा आला, म्हणायचं. शेवटची म्हणाली की घंटा बंद. मला भारी गंमत वाटली.

१४ जानेवारी
दाट धुकं. फादर एका आजाऱ्याकडे गेलेले, म्हणून घंटा माझ्या गळ्यात. पाच बायका सांगून गेल्या. राहिली लवूची बायको हौसाबाई. दोन तासांत हात सोलून निघाले. तेवढ्यात दारात एक ओलाचिंब माणूस आला, अर्धा कान तुटलेला. सगळे इले, पुरे करा, म्हणाला. मीही मेला आळशी, दोर सोडला.

१५ जानेवारी
लवू आलाच नाही.
हौसाबाई येऊन दोर तेवढा चाचपून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. फादरना त्या माणसाचं सांगितलं. अर्धा कान म्हणताच त्यांनी छातीवर क्रूस काढला. तो परशुराम, म्हणाले. गेल्या वर्षी बुडाला.

२२ जानेवारी
हौसाबाई रोज येऊन दोराशी बसते. जेवत नाही. माझा ‘इलो’ म्हणायचा रवला, राहून गेलं, एवढंच म्हणते. माझ्यामुळे. देवा रे, माझ्यामुळे.

२७ जानेवारी
पुन्हा धुकं. आज कुणा पुरुषाचं ऐकायचं नाही. माझे हात रक्ताळले, म्हणून हौसाबाई ओढतेय, मी शेजारी दम खात हे लिहितोय. गुणाजी आणि त्याचे दोघे भाऊ तेवढे यायचे आहेत.

दारात पाणी ठिबकतंय —

परशुराम नव्हे. लवू. ‘इलंय गो’ म्हणाला.

मी ओरडलो, सोडू नकोस, गुणाजी बाहेर आहे —

ती हसली. ‘माझो घोव इलो’ म्हणाली आणि दोर सोडून त्याच्याबरोबर धुक्यात —

घंटा थांबली. गुणाजी हाका मारतोय. लांब जातोय —

धुकं आत आलंय — दोर इथेच होता — इथेच — ओला हात कुणाचा —