गल्लीत चार, शहरात तीन

५ ऑक्टोबर, रविवार
सगळ्यांत आधी टपकली ती समोरची शेजारीण, सायकाल. माझं शिवणयंत्र ट्रकमधून उतरलंही नव्हतं, तर ही बाई चहाची किटली घेऊन फाटकात उभी. कोपऱ्यावरच्या घरातली सून दुपारी बारापर्यंत झोपते, हे तिने मला स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगितलं. माणूस आवडलं मला.

ही वही तालांतने दिली. धाकटा मुलगा माझा, आपल्यात आई धाकट्याकडेच राहते, म्हणून मी याच्याकडे. आईला अपा म्हणतो. म्हणाला, अपा, गावी नारीनला मावशीला दिवसातून सात फोन करतेस, त्यापेक्षा यात लिहीत जा. माझी शाळा पाचवीपर्यंत, कोणी हसायचं नाही.

घर काय सांगू. बिश्केक शहराच्या कडेला नवी वस्ती, एका साच्यातली सात घरं, आमचं शेवटचं. पाच खोल्या! पाचवीत ऊन येतं, तिथे पाळणा ठेवला. बेगायिम, माझी नात, एकवीस दिवसांची. नाक माझं, हे सगळे कबूल करतात, सूनबाई सोडून. बेगायिमसाठी लाल मोजे विणलेत, डाव्याची टाच तिरपी गेली. राहू दे.

८ ऑक्टोबर, बुधवार
पाहुणे आले. दोन बाया, एक पुरुष, तिघांचे करडे कोट, हातात टेप. नवी घरं ताडून बघतो म्हणाले. आधी गल्लीशी, मग सगळ्या शहराशी. मी म्हटलं, बघा की, घर तुमचंच. जर्दाळूचा मुरंबा, तळलेले गरम बोरसोक पुढे मांडले. कोणी एक घास मोडला नाही.

त्यांच्या कागदावर लिहिलं होतं: गल्लीत घरटी खोल्या चार, माणसं तीन. शहरात खोल्या तीन, माणसं दोन. आमच्याकडे खोल्या पाच, माणसं चार. मला काय वाटलं असेल! छातीच फुगली. आणि मग मी ते केलं. चाळीस दिवस व्हायच्या आत परक्याला बाळ दाखवायचं नसतं, हे मीच सगळ्या नारीनला शिकवलं. पण दुपट्याचं टोक उचललं आणि म्हटलं, बघितलंत ना, आता कोरुमदुक द्या. आपल्यात नवी सून बघा, नवं बाळ बघा, भेट द्यावीच लागते. त्यांना ठाऊक नव्हतं. विचारलं, दिलं की काय होतं? मी आपली गमतीत म्हणाले, दिलं की तुमचंही झालं.

मोठ्या बाईने पांढरा रुमाल दिला. कागदावर काहीतरी खोडून नवं लिहिलं. म्हणाली, शुक्रवारी चोवीसला घर गल्लीच्या बरोबरीला आणायला येतो. तो बाळाचा चाळिसावा दिवस.

१२ ऑक्टोबर
सायकालकडे चहाला गेले. बाहेरून पाहिलं, बागेकडे पाच खिडक्या, आमच्यासारख्याच. आत खोल्या चार. मी विचारलं, पाचवीचं दार कुठे गं? ती म्हणाली, वेडी की काय, पहिल्यापासून चारच आहेत. दोरीवर बोटाएवढे पांढरे मोजे वाळत होते. कोणाचे? वाऱ्याने आले, म्हणाली. दर आठवड्याला धुते मात्र.

दुसऱ्या घरातही चार. तिसऱ्यातही. एवढ्या सगळ्या गल्लीत एकही मूल रडताना ऐकलेलं नाही. आजच लक्षात आलं.

१५ ऑक्टोबर
पाळण्याची खोली वितीने मोजली. बावीस विती. रविवारी, पडद्यासाठी मोजली होती, तेव्हा सव्वीस भरली होती. हात तर माझाच.

तालांत हसला. म्हणाला, अपा, भिंती चालत नाहीत, डोंगरातून आल्यावर सगळंच लहान वाटतं. नजर उतरावी म्हणून आर्चाच्या डहाळ्यांचा धूर केला घरभर. बाळाच्या कपाळाला काजळी लावली. रुमाल परत द्यायचा तर त्या पाहुण्यांचा पत्ता कोणाकडे नाही.

१९ ऑक्टोबर
नऊ विती. दार उघडलं की पाळण्याला लागतं.

पाळणा माझ्या खाटेजवळ आणला. सकाळी परत त्याच खोलीत. सूनबाई म्हणते तिने हलवला नाही. तालांतही नाही—

बेगायिमला घेऊन नारीनला जाते म्हटलं. सूनबाई रडली, इतकं लहान बाळ घाटातून नेता का. शेवटी तालांत म्हणाला गुरुवारी गाडी सांगतो, उगाच तुझं मन नको दुखायला.

२२ ऑक्टोबर
तीन विती. तिरकी होऊनच आत जाते. ऊन अजून येतं. ती हसते माझ्याकडे बघून.

तालांतला गाडीची आठवण केली. म्हणाला, कुठे जायचंय अपा?

विसरू नये म्हणून लिहिते. बेगायिम. माझी नात. नाक माझं. बेगायिम. पाचवी खोली.

२३ गुरुवार
गाडी आली. तिला गुंडाळलं, फाटकापर्यंत नेलं. सूनबाई दारात उभी होती. म्हणाली, एवढं उशीचं गाठोडं कुठे नेताय? मी खाली बघितलं— लोकर होती. बाळ आत रडत होतं. भिंतीमागून. दार हाताला लागेना, नुसता चुना—

गाडी गेली. बेगायिम. बे

२४ शुक्रवार
पाहुणे येऊन गेले. बरी माणसं. आज बोरसोक खाल्ले, सगळे.

घर आता गल्लीसारखं झालं म्हणाले. चार खोल्या, तीन माणसं. मी दोनदा मोजल्या, चारच. मागच्या पानांवर माझ्याच अक्षरात एका बाळाचं लिहिलंय, कोणाचं ते— सूनबाईने दोरीवर लाल मोजे घातलेत, म्हणते वाऱ्याने आले. एकाची टाच तिरपी. माझं विणकाम असंच जातं.

निघताना मोठ्या बाईने माझा चेहरा खूप वेळ पाहिला आणि पांढरा रुमाल माझ्या खांद्यावर टाकला. मी हसले, म्हटलं, मला कशाला कोरुमदुक, मी काय नवी नवरी? ती म्हणाली, गल्लीचं झालं, आता शहराशी ताडायचंय.

शहरात माणसं किती लिहिली होती, ते मागे बघायला—

तालांत मला विचारतोय, आजी, कोणाला शोधताय? अपा नाही, आजी.

परत येणार म्हणालेत. सोमवारी, सत्तावी