भाऊ भानावर येताना

३ मार्च
सकाळीच भावजयीचा फोन. ‘ताई, हे माणसं ओळखेनात.’ अर्धवट शिवलेला कोट मशीनवर तसाच टाकला, दुकानाला कुलूप लावलं, हॉस्पिटल गाठलं. भाऊ सहा वर्षं माझ्याशी बोललेला नाही. नाही बोलला तर नाही बोलला.
दाढ दुखत होती म्हणून पाच दिवस तापाच्या गोळ्या मूठमूठ खाल्ल्या म्हणे. यकृत बंद पडत आलंय. डोळे पिवळेधमक.

४ मार्च
मला बघून हसला! ‘ताई, आई कुठंय?’
आई सहा वर्षांपूर्वी गेली. त्याची परीक्षा होती म्हणून मी दोन दिवस उशिरा कळवलं. तेव्हापासून अबोला. आज त्याच्या लेखी त्यातलं काहीच घडलेलं नाही. हात समोर धरायला सांगितले की पंजे फडफडतात. यकृत थकलं की रक्तातलं विष डोक्यात चढतं, त्याची ही खूण म्हणे.
डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं — यकृताचा तुकडा लागला तर माझा घ्या. ‘वय?’ सत्तेचाळीस. ‘घरी विचारलंत?’ घरी मीच आहे.

५ मार्च
तपासण्या. दोन्ही हातांची चाळण.

६ मार्च
रिपोर्टातला एक आकडा निम्म्यावर आला. आम्ही दोघी खूश. डॉक्टरीणबाईंनी जमिनीवर आणलं — ‘यकृत संपत आलं तरी हा आकडा उतरतो. रक्त किती वेळात गोठतं, ते बघायचं. आणि ते किती भानावर आहेत, ते.’ पिवळेपणा उशिरा जातो म्हणाल्या. ठीक. आता मी दोनच गोष्टी बघणार.

७ मार्च
माझं जुळतं. सही केली. 

८ मार्च
रक्त कालच्यापेक्षा लवकर गोठलं. ऑपरेशन एक दिवस थांबवू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पंजेही कमी फडफडतात. पण आज वार कोणता विचारलं तर म्हणतो, ‘आईला विचार.’ अजून निम्मंच काम झालंय.

१० मार्च
रक्ताचा आकडा सुधारतोच आहे. ऑपरेशन रद्द. भावजय माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपली.
आज आईबद्दल विचारलं नाही त्यानं. मी खोलीत गेले तर भिंतीकडे तोंड फिरवलं. सिस्टर म्हणाल्या, ‘चिडलेत कशावर तरी.’ म्हणजे आठवलंय त्याला. वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं.

११ मार्च
डोळे अजून पिवळेच. पण सरळ माझ्यावर रोखलेले. ‘दोन दिवस का लपवलंस?’
भावजय त्याला गप्प करायला उठली. म्हटलं, बोलू दे त्याला. खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला बसले.