ताईचं गाणं, कोक्याचं नाव

४ मार्च
कोक्या येतोय! भिंतीलगतच्या मैदानात त्याचा कार्यक्रम, आणि साउंडचं काम आमच्या मालकाला मिळालंय. म्हणजे मलाच. देव आहे म्हणायचा.

बायको म्हणाली, "झालं गेलं, सोडून द्या आता." सोडतो! आयता हातात सापडलाय.

६ मार्च
दिवसभर तेच गाणं. न्हाव्याकडे, दवाखान्यात, शेजाऱ्याच्या गाडीत. 'सखे, भिंतीपल्याड तुझी गच्ची...' सखे म्हणे! सखे नव्हतं, ताई होतं. मधे भिंत घालून शहराचे दोन तुकडे केले तेव्हा ताई सासरी होती, ती पलीकडेच अडकली. आमच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की तिच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. त्या बघून लिहिलं मी. चालही माझीच. कोक्यानं आमच्या बँडमधून गाणं उचललं, ताईची सखी केली आणि खाली स्वतःचं नाव ठोकलं. वर मलाच शहाणपणा — "अरे, बहिणीवरचं रॉक कोण ऐकतं?"

आठवलं की अजून अंगाची लाही लाही होते.

९ मार्च
ठरलं. त्याच गाण्याला त्याचा माइक बंद. गिटार चालू, ड्रम चालू — नुसता गळा गायब! मालकाला सांगेन, वायर गेली.

११ मार्च
मैदानात मांडणी. अर्धे स्पीकर लोकांकडे, अर्धे भिंतीकडे तोंड करून. पलीकडच्यांनाही ऐकू जायला हवं, ही कोक्याची अट. मोठा आलाय दिलदार! भिंतीकडचा संच मैदानाच्या पार टोकाला, वेगळ्या मशीनवर; तो मालक सांभाळणार.

कोक्या भेटला. पोट सुटलंय. मिठी मारायला आला, मी वायर गुंडाळत राहिलो. "उद्या संपल्यावर थांब हं, बोलायचंय," म्हणाला. आत्ता सुचलं बोलायचं!

१२ मार्च
केलं!!

गिटार हळूच सुरू झाली, कोक्यानं माइक तोंडाशी धरला — आणि मी त्याच्या आवाजाची पट्टी सर्रकन खाली ओढली. हेडफोनही काढून ठेवला. त्याचा गळा कशाला ऐकू? तोंड उघडतंय, मिटतंय. आवाज नाही! पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून त्याला स्वतःचं ऐकू येत होतं, त्यामुळे बेट्याला बराच वेळ पत्ताच नाही. मग शिट्ट्या. मग "आवाज! आवाज!" मग एक बाटली. भिंतीकडून मालक हातवारे करत होता, मी बघून न बघितल्यासारखं केलं.

कोक्या अर्ध्यातून उतरला. जाताना माझ्याकडे बघितलं, डोळे भरलेले. मी हसलो. मनापासून हसलो.

१३ मार्च
कोक्या न भेटताच गेला. पेपरात 'गायकाची फजिती' — ठळक अक्षरांत. दोनदा वाचलं. आज जेवण गोड लागलं.

१५ मार्च
कितीतरी महिन्यांनी पलीकडचा फोन लागला. ताई! आधी नुसतीच रडली.

"ऐकलं रे सगळं. गाण्याआधी तो बोलला ना... हे गाणं माझं नाही, मी चोरलं, म्हणाला. तुझं नाव घेतलं त्यानं! आणि मग 'ताई' म्हणूनच गायला. आमची अख्खी गल्ली गच्चीवर होती. टाळ्या थांबेनात."

मग म्हणाली, "पण तुमच्याकडून एकसुद्धा टाळी कशी रे नाही आली?"