कंदिलाला लोंबलेलं घरटं

ठाकुर्ली,
१२ फेब्रुवारी

प्रिय नीरू,

अनेक आशीर्वाद. नवा गुडघा काय म्हणतोय? काठी सुटली, की उगीच मिरवतेस? मी बरी आहे. साकेत तुला फोनवर सांगतो तेवढी नाही, पण बरी.

अगं, गंमत ऐक. मी दिवाळीतच आडवी झाले, त्यामुळे गॅलरीतला आकाशकंदील उतरवायचा राहिला तो राहिलाच. समोरच्या रमाबाई साकेतला म्हणाल्या, "पौषात कंदील? दिवाळी संपली रे बाबा!" हा स्टुलावर चढला, तर कंदिलाच्या झिरमिळ्यांना इवल्याशा शिंजिर पक्ष्याचं घरटं! कोळ्याची जाळी, कागदाचे कपटे, काय वाट्टेल ते चिकटवलंय बयेनं. मग काय, कंदील तिचाच झाला.

तेव्हापासून मला दुसरा उद्योग नाही. नवरा-बायको चोचीत किडे घेऊन येतात आणि दोन इवलीशी तोंडं आ वासतात. खाली शेवगा फुललाय, त्यावर एक काळा भुंगा येतो, मेल्याचा आवाज मिक्सरसारखा. तांबट पक्ष्याचं सकाळपासून टुकटुक चालू. केमोनं माझ्या तोंडाची चव गेलीय, पण पिल्लांना खाताना बघून मीही चार घास जास्त खाते.

दोन डोस राहिलेत. तुला वाटतंय डॉक्टरांनीच पुढे ढकललेत. नाही गं. मीच साकेतला म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत मी इथून हलणार नाही. लेक माझा भोळा, ऐकलं त्यानं. गॅलरीचं दारसुद्धा हळू लावतो. डॉक्टरांचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलतो आणि तोंड हसरं करून परत येतो.

पिल्लं रविवारीच उडाली, नीरू. माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी रोज त्याला सांगते, "आहेत रे, आत्ताच झोपलीत."

मला भीती वाटते गं. मरणाची नाही, त्या डोसाची. नंतर अंग पिळून काढल्यासारखं होतं, आणि पोरासमोर धड कण्हताही येत नाही. फोनवर हे सांगताना रडले असते, म्हणून लिहितेय.

आज तो ऑफिसातून आला की खरं सांगणार आहे. उद्या तुझ्याकडे ठाण्याला येईल, तेव्हा हे पाकीट तोच तुला देईल. सोमवारी डोस घेईन, पण तू माझ्याजवळ बस. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. सबबी सांगायला आपल्यात मी एक पुरे.

तुझी वाट बघणारी,
भेदरट ताई